खुणेचे सर

विश्वनाथ सरांनी नवरदेवाची पॅन्ट घोट्यापासून वर सरकवली, तेव्हा मी आहेराचं पाकीट घेऊन त्यांच्या मागेच उभा होतो.

टेंभुर्णीचं लग्न. स्टेजवर फोटोसाठी रांग लागलेली. नवरदेव फेटा, मुंडावळ्या, गळ्यात गुडघ्यापर्यंत हार अशा थाटात. सर वर चढले, त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि काही न बोलता खाली वाकले. आपले गुरुजीच आपल्या पाया पडतायत की काय, असं वाटून पोरगा घाबरला आणि "अहो सर, सर" करत मागे सरकायला लागला. सरांनी त्याचा पाय घट्ट धरला आणि पॅन्ट पोटरीपर्यंत नेली. बॅन्डवाला वाजवायचा थांबला. नवरीचा मामा धावत आला.

"अहो, काय करून राह्यले तुम्ही?"

"खात्री करून राह्यलो," सर शांतपणे म्हणाले. "इथं कुत्रं चावल्याचा वण पाहिजे. हां, हाय. बराबर. पोरगा आपलाच हाय."

मग उभं राहून त्यांनी नवरदेवाला पाकीट दिलं, आशीर्वाद दिला आणि जेवायला निघाले. इकडे नवरीच्या मामाने पंगतीत माझ्याशेजारी पाट धरला आणि मुलाचं आधी काही पोलिसात वगैरे झालेलं आहे का, हे तो मठ्ठा येईपर्यंत फिरून फिरून विचारत राहिला.

विश्वनाथ सर जाफराबादच्या हायस्कुलात आम्हाला मराठी शिकवायचे. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. माझं मेडिकलचं दुकान, मागे माझं घर आणि भिंतीला भिंत लागून सरांचं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. माझं नाव संतोष. हे नाव सरांनी पाचवीपासून आजपर्यंत एकदाही घेतलेलं नाही. माझ्या डाव्या कानामागे बोराएवढा तपकिरी डाग आहे, जन्माचा. त्यामुळे मी "कानामागचा". माझा वर्गमित्र सुभाष, ज्याचा आज कापसाचा मोठा व्यापार आहे, तो "ओठावरचा तीळ". एकदा त्याच्या दुकानात दोन व्यापारी बसलेले असताना सर दारातून ओरडले, "अरे, हाय का ओठावरचा?" आणि सुभाष सगळ्यांदेखत उठून "आलो सर" म्हणाला.

खुणा मोजायचं सरांचं मापही वेगळं. मोहरीएवढा, तुरीएवढा, हरभऱ्याएवढा. "तुझ्या मोठ्या भावाच्या हनुवटीवर मसुराएवढा होता, तो आता कुठं असतो?" म्हणजे भाऊ कुठे असतो. नव्या माणसाची ओळख करून दिली, की त्याचं नाव ते ऐकून घ्यायचे आणि लगेच हात झटकायचे. "नाव काय, कोणीबी ठेवतं. खूण सांगा."

शाळेत दाखल्यावर ओळखीची खूण लिहावी लागायची. बाकीचे मास्तर सरसकट "उजव्या हातावर तीळ" लिहून मोकळे व्हायचे. सरांना ते चालायचं नाही. ते पोराला उन्हात उभं करायचे, मान इकडे, मान तिकडे, बाह्या वर, आणि बाजारात बैल बघतात तसे बघायचे. एकाच्या अंगावर काहीच सापडेना, तर सर त्या दिवशी खरोखर अस्वस्थ झाले. "एवढा कोरा पोरगा मी लक्षात कसा ठिवू?" असं त्याच्या बापाला विचारलं. बापाला वाटलं, पोरगं नापास झालं.

निवडणुकीत एक उमेदवार आमच्या गल्लीत मतं मागायला आले. गोरेपान, गुळगुळीत. सरांना नमस्कार करून ते म्हणाले, "लक्ष राहू द्या, सर." सरांनी त्यांना नखशिखांत पाहिलं आणि खेदानं मान हलवली. "कपाळ साफ, हनुवटी साफ. लक्ष ठेवायचं तरी कशावर?" कार्यकर्त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले.

असा माणूस खुणा काढणाऱ्यांचा वैरी असणार, हे ओघानेच आलं. आठवडी बाजारात एकजण सतरंजी टाकून बसायचा आणि चुन्यात कसलंसं औषध कालवून लोकांचे तीळ, चामखिळी जाळायचा. मी दुकानदार म्हणून त्याला शिव्या द्यायचो, कारण त्याची गिऱ्हाइकं जखमा चिघळल्यावर माझ्याकडे मलम मागायला यायची. सरांचा राग वेगळा होता. ते छत्री घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले. "अरे, तू लोकं पुसून राह्यला! त्या बाईच्या गालावरचा काढला, आता ती घरी जाईल तर घरच्यांनी कसं ओळखायचं?" बाई तिथेच बसलेली. ती म्हणाली, "घरचे वळखतात की मास्तर, तोंड न्हाई का माझं?" सर तिच्याकडे पाहतच राहिले. मग छत्री उघडली आणि निघून आले.

पण सरांचं खरं दुःख होतं वैशाली. आमच्याच वर्गातली, पहिल्या नंबरची. भुवईत वण, म्हणून "भुवई". ती डॉक्टर झाली तेव्हा सरांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मग कळलं की ती चामडीची डॉक्टर झाली. जालन्याला तिच्या दवाखान्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं, तीळ, मस, चामखीळ काढून मिळेल. ती पाटी सरांनी बसमधून वाचली आणि घरी येऊन जेवले नाहीत. "माझी सगळ्यात हुशार पोरगी, आन् हेच करून राह्यली," एवढंच म्हणाले. त्यानंतर तिचा दवाखाना लागला की बसमध्ये ते दुसऱ्या बाजूला पाहायचे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बॅचचा मेळावा ठरला. हल्ली अशा मेळाव्यात गुरुजनांचे पाय धुवायची पद्धत निघाली आहे. सरांचा याला कडक विरोध. "आमच्यात हे असलं न्हाई. मी काय देव हाय का? माझे पाय माझ्याजवळ राहू द्या." पण शाळेच्या पटांगणात मंडप, माईक, पुढच्या खुर्च्यांवर गावातली मोठी माणसं. माईकवरून नाव पुकारलं आणि दोघांनी सरांना उचलल्यासारखंच खुर्चीत आणून बसवलं. समोर पितळी परात. शेजारी राहतो म्हणून धुवायचा मान मला.

मी त्यांचे मोजे काढले, पाय परातीत ठेवले, तांब्याने पाणी घातलं. फोटोवाला म्हणाला, "पाय जरा वर उचला, तळव्यावर पाणी घालताना घेऊ." मी उजवा पाय उचलला.

टाचेच्या जरा पुढे, तळव्यावर, काळा डाग होता. रुपयाच्या नाण्याहून मोठा. चिखल असेल म्हणून मी अंगठ्याने चोळला. गेला नाही. टॉवेलने जरा जोरात पुसला. त्याची एक कड फुगलेली होती, तिथे चिरल्यासारखं झालं आणि परातीतलं पाणी लाल व्हायला लागलं.

माईकवरचा निवेदक "गुरुचरणी लीन होऊन" म्हणत होता, तो तिथेच थांबला. पुढच्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली. माझ्या हातातला टॉवेल गळून परातीत पडला. सर मात्र खुर्चीतून खाली वाकून मलाच समजावत होते, "अरे, काही न्हाई. बिब्ब्याचा डाग हाय तो. टाचेला भेग पडल्ती, बिब्बा लावला होता मी. पुस बिनधास्त."

तोपर्यंत वैशाली स्टेजवर आली होती. जरीची साडी नेसलेली, तशीच ती परातीजवळ खाली बसली. सरांचा पाय तिने मांडीवर घेतला, मोबाईलची बत्ती लावली आणि बराच वेळ बघत राहिली. मग जांघेत हात लावून काही गाठ लागते का पाहिलं. एवढ्या लोकांसमोर! सर हादरून खुर्चीत ताठ झाले.

"बिब्बा कधी लावला होता, सर?"

"मागल्या उन्हाळ्यात. का त्याच्या आधीच्या?"

"बिब्ब्याचा डाग एवढे दिवस राहत नाही. आणि वाढत तर नाहीच." तिने मान वर केली. तिचा आवाज बदलला होता. "उद्या सकाळी जालन्याला यायचं. संतोष, तू घेऊन ये."

"तुझ्याकडं?" सरांनी पाय ओढून घेतला. "तू खुणा काढती. मी येनार न्हाई."

मेळावा तिथेच मोडला. वरणबट्टीचं जेवण झालं, पण कोणी नीट जेवलं नाही. वैशाली मला शाळेच्या पायरीवर घेऊन बसली आणि स्पष्ट बोलली. अशा डागाची कड वेडीवाकडी असेल, रंग एकसारखा नसेल, तो वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर तो कॅन्सर असू शकतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळव्यावर, तळहातावर नाहीतर नखाखाली निघतो, आणि लोक कुरूप समजून, मार समजून, बिब्बा समजून सोडून देतात. तिने बघितलेले बहुतेक उशिराच आलेले. मी रोज पाहतो तो माणूस, रोज सकाळी माझ्या दुकानासमोर बसून पेपर वाचतो, आणि त्या चपलेच्या आत हे वाढत होतं. सरांच्या पायाला हात लावणारे शेकड्याने आहेत. तळवा पाहणारं घरात एकही माणूस नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो. सर बाजेवर बसले होते, पायाला रुमाल गुंडाळलेला.

"न्हाई म्हणलं ना. अंगावरची खूण काढायची न्हाई. बिलकुल न्हाई."

वैशालीने वाद घातला नाही. समोर पाटावर बसली. "ठीक आहे, सर. पण मला सांगा, ही खूण तुमची आहे का?"

"म्हंजे?"

"तुमच्या दाखल्यावर काय लिहिलंय?"

"कपाळावर वण. विटीदांडूचा."

"तळव्याचा डाग लिहिलाय?"

गावातल्या हजारो माणसांच्या अंगावर काय कुठे आहे, हे तोंडपाठ असलेला माणूस स्वतःच्या तळव्याकडे बघायला वाकला, आणि गुडघ्याने दगा दिला म्हणून अर्ध्यावरच थांबला. मी माझ्या घरातून बायकोचा हातआरसा आणला आणि त्यांच्या पायाखाली धरला. सरांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"ही माझी न्हाई," ते हळूच म्हणाले. "हिला मी वळखत न्हाई."

"मग दुसऱ्याची खूण अंगावर कशाला ठेवायची?"

आरसा बाजूला सारून सर म्हणाले, "सकाळची पहिली गाडी किती वाजता हाय रे, कानामागच्या?"

जालन्याला वैशालीने त्या डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. ते दिवस मी औषधं देताना गोळ्यांची पाकिटं अदलाबदल करत होतो. रिपोर्ट आला, तो कॅन्सरचाच होता. ती बातमी मी सरांना कशी सांगू म्हणून दुकानातच बसून राहिलो, तर सरच आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू गप्प बसला म्हंजे कळलं. आता जल्दी काय ते करा."

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डाग आजूबाजूच्या चांगल्या चामडीसकट काढला, मांडीची चामडी काढून तिथे लावली, आजार पसरलाय का ते कळायला जांघेतली एक गाठही तपासायला काढली. वैशाली आपला दवाखाना बंद ठेवून आली होती. गाठीत काही निघालं नाही. आजार वरच्या वरच होता, वेळेत सापडला, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा वैशाली जिन्यात बसून रडली आणि मी तिला माझा रुमाल द्यायला काढला, तर तो आधीच ओला होता.

पण मला खरा धक्का बसला तो ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी. थंडी होती. मी चहा प्यायला खाली गेलो, तिथे एक कानटोपी विकत घेतली, घातली आणि वर येऊन सरांच्या खाटेजवळ उभा राहिलो. चहाने जीभ भाजली होती म्हणून बोललो नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलो.

"आमच्यासोबत एकजण हाय," सर म्हणाले. "चहाला गेल्ता. येईल इतक्यात. तुम्ही बसा."

माझा चेहरा उघडा. खिडकीतून लख्ख ऊन. वीतभर अंतर. भुलीचा परिणाम डोक्यावर झाला असं मला वाटलं. "सर, मी!" मी ओरडलो. सर दचकले, मग त्यांच्या नजरेत मी आलो. "अरे, तू हाय का! कान कशाला झाकला मंग?"

वैशाली दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती आत आली आणि खाटेच्या कडेला बसली. "सर, तुम्हाला चेहरे ओळखू येत नाहीत ना?"

सरांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. कोणी चोरी पकडल्यासारखे ते छताकडे बघत राहिले.

"समोर हाय तवर दिसतो," शेवटी ते म्हणाले. "नजर हटली का पुसला. लहानपणापासून. आधी मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतंय. आवाज कळतो, चाल कळते, खूण कळते. चेहरा न्हाई."

"असं असतं काही जणांचं जन्मतःच," वैशाली म्हणाली. "याला औषध नाही, पण यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. कोणाला सांगितलं का नाही?"

"मास्तरला पोरंच वळखू येत न्हाईत, हे सांगायचं? कोणाला? हेडमास्तरला?" सर कसनुसं हसले. "एकीला माहीत होतं. घरचीला. बाजारात गेलो का ती माझ्या पुढं चालायची आन् हळूच सांगायची, हे अमके, हे तमके. ती गेल्यावर मंग मलाच सगळं बघावं लागलं."

वर्षानुवर्षं ज्याच्यावर आम्ही हसत आलो, तो माणूस रोज सकाळी अनोळखी गर्दीत उतरत होता आणि एकेकाचा कान, ओठ, भुवई धरून आपलं गाव पुन्हा गोळा करत होता.

सरांना घरी आणायचं ठरलं, तसं माझ्या बायकोने, मनीषाने, त्यांचं घर चकचकीत करून ठेवलं. फरशी धुतली, भांडी घासली, जाळी काढली, भिंतीवरच्या तसबिरी ओल्या फडक्याने पुसल्या. मी आणि वैशालीने सरांना दोन्हीकडून धरून आत आणलं. पाय टेकवायचा नव्हता. बाजेवर बसता बसता त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि तसेच अडकल्यासारखे थांबले. बुद्धाच्या तसबिरीशेजारी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोटो होता. वारल्यावर लहान फोटोवरून मोठा करून घेतलेला, हार घातलेला.

"ही कोण बाई?" सरांनी विचारलं.

मनीषाच्या हातातलं पाण्याचं भांडं हिंदकळलं. मी म्हणालो, "सर, काकू."

"न्हाई," सर म्हणाले. "कोणी पुसला का फोटो?"

"मी पुसला," मनीषा म्हणाली. "काचेवर शाईचा ठिपका पडला होता, सर. घासून काढला."

सर खाली बसले. कोणावर रागावले नाहीत. मग सांगितलं की काकूंच्या हनुवटीच्या डाव्या बाजूला तीळ होता. स्टुडिओवाल्याने फोटो मोठा करताना, बाई सुंदर दिसावी म्हणून, तो साफ करून टाकला. सरांनी भांडण केलं, पण मूळ फोटो त्या माणसाने हरवला होता. तेव्हापासून ते स्टुलावर चढून काचेवर पेनाने ठिपका काढतात. तो वाळून झडतो, धुळीत जातो, मग पुन्हा काढतात.

"आता ह्या पायानं चढता येनार न्हाई," ते म्हणाले, आणि आमच्याकडे न बघता जमिनीकडे बघत राहिले.

मी दुकानात गेलो. औषधांच्या बाटल्यांवर खूण करायला मी न पुसलं जाणारं काळं पेन ठेवतो, ते आणलं. स्टुलावर चढलो. मनीषाने स्टूल धरलं. वैशाली सरांच्या पाठीला हात लावून उभी राहिली.

"इथं का, सर?"

"खाली. जरा खाली. न्हाई, एवढं न्हाई. तुझ्या डाव्या हाताला घे. जागा चुकली का दुसरीच बाई दिसती."

मी पेन काचेपासून उचललं, पुन्हा नेलं.

"मोहरीएवढाच," सर म्हणाले. "हां. टेकव."

मी टेकवलं आणि बाजूला झालो. सर चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून फोटोकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

"आलो गं," ते म्हणाले. "जरा उशीर झाला."